शहराचा बाळंतविडा

पहिल्या वर्षी आम्ही विणलेल्या सगळ्या टोप्या पांढऱ्या होत्या. नवजात बाळ म्हटले की पांढरेशुभ्र, असे आम्हा अकराजणींच्याही डोक्यात पक्के बसलेले. दौलतगंज, जिवाजीगंज, नया बाजार अशा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांत राहणाऱ्या, बहुतेक साठी ओलांडलेल्या आम्ही बायका. कोजागरी झाली की दुपारी दीड-दोन तास एकीच्या ओसरीवर जमायचे आणि विणायचे. मार्गशीर्षातल्या एका सकाळी पिशव्या भरून सरकारी इस्पितळातल्या बाळंतिणींच्या वॉर्डात गेलो. भिंडकडून आलेल्या एका आजीने टोपी हातात घेतली, आतून-बाहेरून पाहिली, टाक्यांवरून बोट फिरवले आणि शांतपणे माझ्या हातात परत ठेवली. "सफेद नहीं पहनाते बेटी," ती म्हणाली, "अभी तो आया है."

तिचे बरोबर होते. माणसाला पांढऱ्यात कधी गुंडाळतात हे आम्हाला काय ठाऊक नव्हते? आम्ही स्वतः बाळाच्या पहिल्या संक्रांतीला काळे झबले शिवतो, हलव्याचे दागिने घालतो, बोरन्हाण करतो. नातवंडासाठी विणायला बसलो की सुनेला चारचारदा विचारतो, रंग कोणता, बाह्या पूर्ण की अर्ध्या, बटणे मागे की पुढे. मग वॉर्डातल्या बाळांसाठी विणताना एकीलाही विचारावेसे का वाटले नाही? त्या दिवसापासून मी या प्रश्नाशी अडले आहे, आणि उत्तर सरळ आहे. ती बाळे आमच्या मनात 'गरजू' होती. गरजूला आवडनिवड नसते, मिळेल त्याने खूश व्हावे, असे आपण न बोलता धरून चालतो.

माझे म्हणणे एवढेच आहे. हिवाळ्यात लोकांसाठी विणायचे असेल तर ते दान म्हणून विणू नये, बाळंतविडा म्हणून विणावे.

बाळंतविडा काय असतो हे मराठी घरात सांगावे लागत नाही. टोपडी, कुंच्या, झबली, दुपटी, लंगोट, पायमोजे. मऊ, धुतलेले, घडी घातलेले. बाळ यायच्या आधी तयार असलेले. त्यात बाळंतिणीचेही काहीतरी असते, कारण बाळाइतकीच तीही त्या दिवसांत जपायची असते. आणि बाळंतविडा घेताना कोणी मान खाली घालत नाही. तो माहेरचा असतो, तिच्या हक्काचा असतो. देणाऱ्याला त्यात मोठेपणा मिळत नाही. उलट काही कमी पडले तर माहेरालाच बोल लागतो. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी, श्योपूर अशा लांबलांबच्या गावांहून बायका ग्वाल्हेरला बाळंतपणाला आणल्या जातात, बरेचदा अडल्यावर, घाईत, एका लुगड्यानिशी. त्यांच्यासाठी ते आठ-पंधरा दिवस हे शहरच माहेर असते. शहराने माहेरासारखे वागावे, ही काही फार मोठी मागणी नाही.

आता खरा आक्षेप. माझा भाचा हिशेबाचा माणूस आहे. तो म्हणाला, "आत्या, मोठ्या माणसाच्या एका स्वेटरला चारशे-पाचशे ग्रॅम लोकर लागते आणि तुमचे तीन आठवडे जातात. तेवढ्या पैशात तिबेटी बाजारात तयार स्वेटर मिळतो, ठोक घेतले तर ब्लँकेटही मिळते. थंडी आज आहे. तुमचा स्वेटर पूर्ण होईपर्यंत तो माणूस काय करेल?" हा आक्षेप भावनेच्या भरात उडवून लावण्यासारखा नाही. आमच्याकडे डिसेंबरअखेरपासून धुके उतरते, दिवसदिवस सूर्य दिसत नाही. मैदानी भागात किमान तापमान ४ अंशांवर किंवा खाली गेले की हवामान खाते शीतलहर जाहीर करते, आणि ग्वाल्हेरला अशा रात्री नवीन नाहीत. अशा रात्री उघड्यावर झोपलेल्या माणसाला ब्लँकेट विकत घेऊन त्याच संध्याकाळी नेऊन द्यावे. ते विणत बसू नये. भाच्याचे म्हणणे मला पटले आणि आम्ही मोठ्यांचे स्वेटर विणणे बंद केले.

पण त्याचा हिशेब एका जागी अपुरा पडतो. दुकानात 'न्यू बॉर्न' म्हणून मिळणारी टोपी तीन किलोच्या, पूर्ण दिवसांच्या बाळाची असते. अशा बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर. दीड किलोच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा २८ च्या आसपास. दुकानातली टोपी त्याच्या नाकापर्यंत येते, नाहीतर गळून पडते. त्या मापाची टोपी आमच्या बाजारात कोणी ठेवत नाही, कारण ती विकत घ्यायला कोणी येत नाही. ज्यांना ती हवी असते ते वॉर्डाबाहेरच्या फरशीवर बसलेले असतात. इथे हाताने विणण्याला अर्थ आहे. पंचवीस-तीस ग्रॅम लोकर आणि एक संध्याकाळ, एवढ्यात टोपी होते.

या टोपीची गरज किती, हेही नीट समजून घ्यायला हवे. बाळाच्या शरीराच्या मानाने त्याचे डोके मोठे असते, आणि ऊब तिथून भराभर जाते. कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी फारशी नसते; त्याला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. त्याच्या अंगाचे तापमान ३६.५ अंशांच्या खाली घसरले की धोका सुरू होतो, आणि ३२ च्या खाली गेले तर तो अगदी गंभीर असतो. मध्य प्रदेशात २०२० साली दर हजार जिवंत जन्मांमागे ४३ बाळे वर्षाची होण्याआधी गेली. देशातल्या सगळ्या राज्यांत हा आकडा सर्वांत वाईट होता; देशाची सरासरी २८ होती. आणि त्या २८ पैकी २० बाळे पहिल्या २८ दिवसांतच गेली. म्हणजे हा सगळा खेळ पहिल्या महिन्याचा आहे. तोही कितीतरी घरांत पौष-माघात येतो.

यावर जो उपाय सगळ्यांत चांगला ठरला आहे तो कुठल्या यंत्राचा नाही. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, इस्पितळात बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या पुरेनात म्हणून डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. त्याला कांगारू पद्धत म्हणतात. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या इस्पितळांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर, स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या अंगाशी ठेवले तेव्हा पहिल्या महिन्यातले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. बाळ वाचते ते आईच्या कातडीच्या उबेने, टोपीने नव्हे. पण आईच्या छातीशी असलेल्या बाळाच्या अंगावर तेव्हा तीनच गोष्टी असतात: लंगोट, पायमोजे आणि टोपी. स्वेटर घातला तर आई आणि बाळ यांच्यामध्ये लोकरीची भिंत उभी राहते.

हे आम्हाला कळले ते दुसऱ्या वर्षी, वॉर्डातल्या एका सिस्टरकडून. आम्ही त्या वर्षी रंगीत स्वेटर घेऊन गेलो होतो. छातीवर बदके, ससे, काय नव्हते! तिने पिशवीत हात घातला आणि एकेक वस्तू बाजूला काढत गेली. क्रोशाचे जाळीदार दुपटे: "आंटीजी, जाली वाला मत लाना, उँगली फँस जाती है." बाळाचे बोट जाळीत अडकून दोरा आवळला तर बोट निळे पडते, आणि रात्रपाळीला चाळीस बाळांवर दोन नर्सेस असताना ते कोणाच्या लक्षात येणार? गळ्याशी बांधायच्या फिती: नकोत. टोपीवरचे गोंडे: नकोत, सुटून तोंडात जातात. बटणे: नकोत. केसाळ लोकर: नको, तिचे तंतू नाकात जातात. शेवटी तिने एक टोपी उचलली, दोन सुलट दोन उलट अशी साधी, ताणली की ताणणारी आणि सोडली की डोक्याला धरून बसणारी. "ये. बस ये." आमच्यातल्या सगळ्यांत कमी विणकाम येणाऱ्या काकूंची होती ती. नक्षी जमत नाही म्हणून त्यांनी सबंध टोपीच पट्टीच्या विणीत उतरवली होती.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट समोर होती आणि आम्ही ती जवळजवळ न पाहताच निघालो होतो. खिडकीजवळच्या खाटेवर एक मुलगी बसली होती, वीसेक वर्षांची, बाळ छातीशी धरलेले. बाळाला झाकायला तिने आपली साडी पुढे ओढली होती, त्यामुळे तिची पाठ आणि खांदे उघडे पडले होते. दिवसातले आठ तास, जमले तर त्याहून किती तरी जास्त, असे बसायचे असते. जानेवारीत. तिच्या कानांनाही काही बांधलेले नव्हते. आपल्या घरात बाळंतीण चाळीस दिवस कान उघडे ठेवून वाऱ्याला जाऊ शकेल का? बाळासाठी पिशव्या भरून आणणाऱ्या आम्हा अकराजणींना आईसाठी एक वस्तू सुचली नव्हती. तेव्हापासून आम्ही पुढून पूर्ण उघडणारी, बिनबाह्यांची, पाठ आणि खांदे झाकणारी जाकिटे विणतो. बाळ आत राहते, जाकिटाच्या दोन्ही बाजू त्याच्यावर येतात. त्याला बटणांऐवजी बाहेरच्या बाजूला, कमरेशी एक रुंद पट्टा असतो. भाचा म्हणेल हे शिवूनही होईल. होईल, आणि कोणी शिवून दिले तर मी त्याच्या पाया पडेन. बाजारात मात्र अजून कोणी शिवलेले पाहिले नाही.

लोकरीबद्दल थोडे सांगायलाच हवे, कारण इथे चांगल्या मनाच्या माणसांकडून मोठी चूक होते. दुकानात आपण ज्याला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा कॅशमिलॉन असते, म्हणजे ॲक्रिलिक. रंग छान, भाव कमी, धुवायला सोपी. इस्पितळासाठी तीच ठीक, कारण तिथले कपडे गरम पाण्यात, साबणसोड्यात जातात आणि खरी लोकर असल्या धुण्यात आटून बाहुलीच्या मापाची होते. पण रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाच्या शेजारी शेकोटी असते. थंडीत महापालिका चौकाचौकांत लाकडे टाकून अलाव पेटवते, त्याच्याभोवती माणसे रात्र काढतात. ठिणगी उडाली तर खरी लोकर काळवंडते आणि बहुतेकदा आपोआप विझते. ॲक्रिलिक वितळते, आणि वितळलेले कातडीला चिकटते. अशा माणसाला ॲक्रिलिकचा मफलर देताना आपण काय हातात देत आहोत? म्हणून रस्त्यावरच्यांसाठी जे थोडे आम्ही विणतो, कानटोप्या आणि हातमोजे, त्याला खरी लोकर वापरतो. महाग पडते. कमी विणतो.

देणाऱ्याच्या हौसेपुढे गरज मागे पडली की काय होते, याचे एक उदाहरण जगभर गाजले. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप बेटावर समुद्रात सांडलेल्या तेलाने माखलेल्या पेंग्विनना तेल चोचीने साफ करता येऊ नये म्हणून छोटे स्वेटर घालत असत. मागणी बाहेर पडली आणि जगभरातून इतके स्वेटर आले की पुरे झाले म्हणून जाहीर करावे लागले. उरलेले खेळण्यातल्या पेंग्विनना घालून निधीसाठी विकले गेले. तिथल्या लोकांनी निदान त्यातून मार्ग काढला. आपल्याकडे असे जादाचे गठ्ठे संस्थांच्या माळ्यावर कसर लागून पडतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

उलट उदाहरणही आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या रेडक्रॉसने विणणाऱ्यांना छापील नमुने दिले: मोजे, मफलर, मनगटपट्टे, ठरलेल्या मापाचे, खाकी आणि करड्या रंगांत. खंदकात दिवसदिवस ओल्या पायांनी उभे राहणाऱ्या शिपायाला काय हवे हे आधी विचारात घेऊन ते केलेले होते. १९६२ च्या युद्धात आपल्याकडेही घरोघरी बायकांनी जवानांसाठी विणले. माझी आई तेव्हा इथे लष्कर भागातच नवीन लग्न होऊन आलेली. ती शेवटपर्यंत सांगायची, त्या मोज्यांच्या टाचेत गाठ ठेवायची नाही, कारण दिवसभर चालणाऱ्याला ती फोड आणते. ज्याचे तोंड कधी दिसणार नाही त्या माणसाच्या टाचेचा ती विचार करत होती.

विणकामाने विणणारीला बरे वाटते, हे मला कोणी सांगायला नको. आमच्यातल्या चौघींची मुले पुण्याला, बंगळुरूला. घरात दुपारी घड्याळाचा आवाज ऐकू येतो. ओसरीवरच्या त्या दोन तासांनी आम्हाला जगवले आहे. हे बरे वाटणे खोटे नाही, त्याची लाज बाळगायचे कारणही नाही. पण ते विणण्याचे कारण होऊ लागले की आपण आपल्याला आवडते ते विणतो, आपल्याला सोयीच्या वेळी देतो आणि फलक धरून फोटो काढतो. वॉर्डात मोबाइल पिशवीतून बाहेर काढायचा नाही, हा आमचा नियम आहे. अंगावर धड पदर नसलेल्या, टाके घातलेल्या बाईच्या हातात टोपी देऊन तिला कॅमेऱ्याकडे बघायला लावणे हा तिचा अपमान आहे. आपल्या लेकीच्या खाटेपाशी असे कोणी केले तर आपण त्याला दाराबाहेर काढू.

आणि विणकाम करणाऱ्यांवर आणखी एक जबाबदारी येते, ती सगळ्यांत अवघड. खिडकीजवळच्या त्या खाटेवर थंडी येत होती, कारण खिडकीची काच फुटलेली होती. आम्ही त्या मुलीला जाकीट देऊन घरी येऊ शकलो असतो. एकीने म्हटले, काच कोण लावणार? मग दोन अर्ज केले, पोच घेतली, तिसऱ्या खेपेला आम्ही सातजणी जाऊन साहेबांच्या खोलीबाहेर बसलो. काच नाही लागली. पत्र्याचा तुकडा ठोकला गेला. वारा थांबला. जे काम एका पत्र्याच्या तुकड्याने होते ते शंभर जाकिटांनी होत नाही. शहरी बेघरांसाठीच्या केंद्राच्या योजनेने निकष लिहून ठेवले होते: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांचा कायमचा निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेतच ग्वाल्हेरची वस्ती दहा लाखांच्या पुढे होती. म्हणजे हजार माणसांची सोय निकषानेच ठरलेली होती. ती प्रत्यक्षात किती आहे, तिथे रात्री दिवा आणि पाणी आहे का, बायकांना स्वतंत्र जागा आहे का, हे डिसेंबरच्या एखाद्या रात्री अकरा वाजता जाऊन पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. हे विचारले की काही जण म्हणतात, तुम्ही सेवा करा, राजकारण कशाला? लेकीच्या सासरी गळके छप्पर असेल तर माहेरची माणसे दुपटे देऊन गप्प बसतात का?

वेळेची एक अडचण राहते. थंडी पडली की सगळ्यांना विणायची आठवण होते, आणि विणून होईपर्यंत फाल्गुन उजाडतो. मे-जूनमध्ये आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा लोकर घामेजल्या हाताला चिकटते, मळते. विणणे शक्यच नाही. मोकळा हात मिळतो तो पहिल्या पावसानंतर, आषाढापासून. म्हणून लोकर आधीच घरात पडलेली हवी, आणि त्यासाठी आपल्याकडे संक्रांत आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला आपण वाण लुटतो. गेली कित्येक वर्षे त्या वाणात प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, साबणाच्या डब्या घरोघर फिरत आहेत, कपाटात जागा नाही. गेल्या वर्षी आम्ही पन्नास ग्रॅम लोकरीचा एकेक गुंडा वाणात दिला, सोबत मापांची चिठ्ठी: घेर किती, उंची किती, कोणत्या नंबरची सुई, वीण कोणती. ज्यांना विणता येत नव्हते त्यांनी सासूला, शेजारणीला दिला. दोघी मुली तर शिकायलाच आल्या, एक बारावीतली. दसऱ्याला टोप्या परत येऊ लागल्या, काही वाकड्या, काही उसवून पुन्हा विणाव्या लागलेल्या.

यंदाच्या वाणाची लोकर आणून ठेवली आहे, लाल, पिवळी, पोपटी, जांभळी. चिठ्ठ्या अजून लिहायच्या आहेत. सिस्टर म्हणाली आहे, या खेपेला अठ्ठावीसच्या मापाच्या जास्त द्या, आणि जमले तर त्याहून लहान, सव्वीसच्या, दहा-बारा तरी.